बिनआवाजाची बस

८ जानेवारी

खुडबुडे,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे आणि मी शुद्धीवर आहे.

हातात मोबाइल असताना मामाला टपालाची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. जन्मभर विजेच्या मोटारी रिवाइंड केल्या, त्या खडखडाटात कान गेले. कानात यंत्र घालतो, तरी समोरचा माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असंच वाटतं. फोनवर मी बोलायला लागलो की चार घरं कामं सोडून ऐकत बसतात, असं तुझी मामी म्हणते. मेसेज करावा तर घरात मोबाइल एकच, आणि तो तिच्या ताब्यात. तेव्हा तिच्यापासून काही लपवायचं झालं तर कागदाशिवाय गत्यंतर नाही. आणि मला लपवायचं आहे. हे सगळं गुप्त ठेव. उत्तर घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

तर काम असं. मला गेम खेळायचा कॉम्प्युटर बांधून हवा आहे. एका ओळखीच्या माणसासाठी. फार शाही नको, अगदी रडकाही नको, मधला बघ. इथल्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या पोराचे ओठ बराच वेळ हलत होते, माझ्या पदरात काही पडलं नाही. शेवटी त्यानं रंगीत दिवे लावलेली एक काचेची पेटी दाखवली. मी विचारलं, यात मासे कुठे आहेत? त्यावर त्याचे ओठ थांबले.

तू दिवसभर हेच काम करतेस, म्हणून तुला त्रास. लहानपणी माझ्या दुकानात येऊन तू चांगले चालणारे पंखे उघडून ठेवायचीस आणि मी एकदाही रागावलो नाही. ती वसुली आता करतो आहे असं समज.

एकच अट. त्याचा आवाज येता कामा नये. ज्या माणसाला द्यायचा आहे त्याला हल्ली पंख्याची कुरकुरसुद्धा सोसत नाही.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

लाडक्या मामा,

ओळखीचा माणूस म्हणे! तो माणूस रोज सकाळी आरशात भेटतो ना तुला? तुला गेमचा नाद लागला असेल तर सरळ सांग. आमच्या दुकानात तुझ्या वयाची दोन गिऱ्हाइकं आहेत आणि दोघंही पक्की खुनशी खेळतात.

आता नीट वाच. प्रोसेसर हिशोब करतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं. गेममध्ये चित्रांचं काम जास्त, म्हणून मोठा वाटा कार्डाला द्यायचा. प्रोसेसर मधल्या फळीतला पुरे. सगळ्यात वरचा घेऊन मिरवणारे पुष्कळ येतात, त्याची निम्मी ताकद नुसती बसून राहते. रॅम सोळा जीबी. साठवायला एसएसडी, म्हणजे गेम उघडेपर्यंत चहा करून यावा लागत नाही. आणि पॉवर सप्लाय चांगल्यातला. लोक सगळीकडे सढळ हातानं खर्च करतात आणि इथे येऊन हात आखडतात. मग तो जळतो तेव्हा शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. तुला हे वेगळं सांगायला नको.

आवाजाची अट पाळली आहे. मासे नसलेली, पुढे जाळी असलेली कॅबिनेट आणि मोठ्या पात्यांचे हळू फिरणारे पंखे. बजेटात बसावं म्हणून दिव्यांची रॅम काढली, स्पीकरही काढून टाकले. खेळणाऱ्या प्रत्येकाकडे हेडफोन असतातच. आमच्याकडे स्पीकर धूळ खात पडलेत.

मात्र खेळायचं काय, ते कळव. धावाधाव आणि गोळीबार असेल तर स्क्रीन चपळ लागेल, निवांत काही असेल तर मोठी आणि सुरेख घेता येईल.

मामी कशी आहे? मागच्या वेळी फोनवर "बरी आहे" एवढंच म्हणाली आणि फोन तुझ्या हातात दिला. पूर्वी ती मला बस रिव्हर्स घेतानाच्या गोष्टी सांगायला लागली की माझ्या फोनची बॅटरी संपायची. मला करमत नाही रे तिच्याशिवाय.

तुझी,
खुडबुड


३० जानेवारी

खुडबुडे,

पॉवर सप्लायचं तुझं म्हणणं एकदम पटलं. माझ्या मते जो हातात जड लागेल तो घ्यावा. जड म्हणजे आत तांबं आहे. तू हसशील, पण एकदा हातात तोलून बघ.

आरशातला माणूस नव्हे. तुझ्या मामीसाठी आहे.

तुला आम्ही पूर्ण सांगितलं नव्हतं, कारण ती सांगू देत नव्हती. पक्षाघाताचा झटका हलका होता, बोलणं-हात सगळं परत आलं. पण डाव्या पायात जोर आला नाही. काठी घेऊन चालते, तेवढं ठीक. बसचा क्लच मात्र त्या पायानं दबेना. डेपोतल्या तपासणीत तिला उभ्या बसमध्ये बसवलं आणि क्लच दाबायला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी गुडघा धरून दाबून बघितला. मी खाली उभा होतो. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि कागद तिच्याकडे न देता माझ्याकडे दिला. ते तिला फार लागलं.

तिकीट खिडकीवर बसा म्हणाले. ती नाही म्हणाली आणि घरी येऊन आपल्या खिडकीत बसली. तेव्हापासून तिथेच आहे. समोरून तिच्याच मार्गाची बस जाते. आधी ती बस दिसली की म्हणायची, हा कोण नवीन, ब्रेकवर नाचतोय. आता तेही म्हणत नाही. घरात आम्ही दोघंच. मला ऐकू येत नाही आणि ती बोलत नाही, मग संसार कुणी चालवायचा?

परवा दुकानाशेजारच्या पोरीच्या कॉम्प्युटरवर मी बस चालवायचा गेम बघितला. खऱ्यासारखे रस्ते, स्टॉपवर माणसं उभी. ती बटणांनी चालवत होती. मला विचारायचं आहे की त्याला स्टीअरिंग लागतं का? आणि क्लच?

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी पार्किंगमध्ये उभी राहून वाचलं आणि तिथेच रडले. गार्डनं येऊन विचारलं, गाडी ठोकली का.

आधीची सगळी निवड मी मोडली. स्टीअरिंग लागतं. तीन पेडल लागतात, गिअरचा दांडाही लागतो. त्यांची जागा करायला ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणलं. बस काही विमानासारखी धावायची नाही, तेवढं कार्ड रग्गड झालं. बसच्या गेमला रस्त्यावरची बाकी वाहनं, माणसं, सिग्नल सगळ्यांचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणून प्रोसेसर थोडा वर नेला. स्क्रीन रुंद घेतली, दोन्ही बाजूंचे आरसे दिसायला हवेत. मामी आरशाशिवाय स्वयंपाकघरातही वळत नाही.

पॉवर सप्लाय तोलून बघितला. जड होता! मालक विचारत होते, तू भाजी घेतेस का.

सगळं जोडलं, माझे हेडफोन लावून इथेच एक फेरी मारली आणि दोन वेळा फुटपाथवर चढले. मामीला सांगू नकोस. वायरींना रंगीत पट्ट्या लावल्यात, जशी पट्टी तसं भोक, तुझं काही चुकायचं नाही. क्लचचं पेडल खऱ्या बसपेक्षा पुष्कळ हलकं आहे, तरी तिच्या पायाला जड जाईल का, ही एकच धाकधूक आहे. त्याखाली स्प्रिंग असते. पुढचं तुला मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

खोकी उद्या निघतील.

खुडबुड


३ मार्च

खुडबुडे,

सगळं नीट पोचलं. लावलंही. आता ते परत घेतात का, तेवढं विचार.

तुझ्या कामात कसूर नाही. मी क्लचची स्प्रिंग काढली, पातळ तारेची नवी वळून बसवली, माझ्या डाव्या हाताच्या करंगळीनं दबेल इतकी हलकी. टेबल खिडकीजवळच लावलं. मामीला म्हटलं, इकडे ये, हे तुझं. तिला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला जरा आश्चर्य वाटलं. खुर्चीत बसली, खुर्ची पुढे घेतली, काठी उजव्या हाताला उभी केली. पेडलवर पाय ठेवला आणि दाबला. पाय खाली गेला, खुडबुडे. पूर्ण गेला. मी तिच्या पायाकडेच बघत होतो.

मग बस सुरू झाली, स्टॉपवरून निघाली. मी मागे उभा, मला तर आभाळ ठेंगणं झालेलं. तिनं गिअर टाकला, बस हिसका देऊन थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तसंच. तुझ्या मामीच्या हातून! झोपलेला प्रवासी जागा होणार नाही असा गिअर टाकणारी बाई ती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, काही तरी बोलणार होती. मग हसली आणि म्हणाली, "छान आहे हो." ओठांवरून मी एवढं वाचलं. आणि उठली.

तिला एखादी गोष्ट खरंच आवडली की ती आधी खोट काढते. आमच्या लग्नाच्या वेळी माझ्या सदऱ्यात काढली होती. छान आहे म्हणाली म्हणजे संपलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्यावर चादर घातलेली.

मला वाटतं मी तिच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं. खरी बस गेली आणि मी तिचं चित्र आणून दिलं. कुणी मला माझ्या कानांच्या बदल्यात कानांचं चित्र दिलं असतं तर मी काय केलं असतं? तुझ्या कष्टांचं वाईट वाटतं.

मामा


४ मार्च

बाळा,

माझं पत्र बघून दचकू नकोस. तुझ्या मामांचं काल लिहून झालं, म्हणून मी आज बसले.

तुला एक सांगते, ते पोटात ठेव. तुझे मामा लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलतात. यांना वाटतं मनात चाललंय. यांनी तुला लिहिलेलं पत्र न् पत्र मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकलं आहे. "गुप्त" हा शब्द तर इतक्या जोरात लिहिला की समोरच्या बाईंनी मला विचारलं, काय गुप्त आहे हो तुमच्याकडे? तुझी उत्तरं मात्र हे दुकानातच वाचतात, त्यामुळे निम्मी गोष्ट मला जुळवून घ्यावी लागली.

म्हणजे कॉम्प्युटर येणार हे मला ठाऊक होतं. कुणासाठी, तेही. खोटं कशाला सांगू, मी वाट बघत होते. घरात कुणी नसताना खिडकीत बसून डावा पाय वर-खाली करत होते.

परवा तो क्लच दाबला आणि पाय खाली गेला तेव्हा माझा ऊर भरून आला. मग बस सुरू केली. आणि काहीच नाही. बाळा, या बसला आवाजच नाही! दारं उघडतात, माणसं चढतात, चाकं फिरतात, आणि सगळं मुकं. मी जन्मात काट्याकडे बघून गिअर टाकलेला नाही. इंजिन सांगतं आता टाक, मी टाकते. ते बोललंच नाही तर मी शिकाऊ पोरीसारखी हिसके देणार नाही तर काय? तुझ्या मामांनी मला कुरकुर नको म्हणून जगातले सगळे शांत पंखे गोळा केले, आणि इंजिनाचा आवाज कुठून येणार हे विचारायचं राहिलं. इंजिन म्हणजे काय कुरकुर आहे का?

सांगायला मागे वळले, तर हे मान डोलावत उभे. डोळ्यांत पाणी. यांच्या दृष्टीनं बस अगदी व्यवस्थित चालली होती. काय सांगू यांना? म्हणाले असते, माझ्या बहिरेपणापायी तुझी बसही मुकी झाली. आणि मनाला लावून घेतलं असतं.

आणखी एक. आजारपणापासून मीच यांच्याशी बोलायची कमी झाले. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते आणि माझ्यात एकदा सांगायचंही त्राण नव्हतं. इतक्या महिन्यांनी तोंड उघडायचं आणि पहिलं वाक्य हे? नाही जमलं. म्हणून छान आहे म्हटलं आणि वर चादर घातली. आता हे दिवसभर तोंड पाडून बसलेत आणि मला बघवत नाही.

तू काही तरी कर. चूक तुझ्या अंगावर घे. तू तरुण आहेस, तुला पचेल. यांच्या कानांचा विषय मात्र काढू नकोस.

मामी

ता. क. ब्रेक फार लवकर लागतो. आणि डावा आरसा कुठल्या गाढवानं बसवलाय? चक्क आभाळ दिसतं.


११ मार्च

मामा,

कॉम्प्युटर परत घेणार नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, आणि असती तरी तुझ्यासाठी मोडली असती.

आधी माझे कान उपट. काल एका गिऱ्हाइकाचं सामान मांडत होते, त्यानं स्पीकर मागितले आणि मी तुझी यादी काढून बघितली. तुझ्या यादीतून स्पीकर मी काढले होते! त्या वेळी मला वाटलं होतं, कुणी तरी हेडफोनवाला पोरगा आहे. पुढे मामीसाठी सगळी निवड मोडली, कार्डापासून स्क्रीनपर्यंत सगळं बदललं, आणि स्पीकर परत घालायचे विसरले. इथे फेरी मारली ती स्वतःचे हेडफोन लावून, म्हणून माझ्या काही ध्यानातच आलं नाही. रोज वीस कॉम्प्युटर बांधणारी मी, बसला इंजिनच दिलं नाही.

मामी दुखावली नाही, मामा. तिनं बिनआवाजाची बस चालवून बघितली, एवढंच झालं. कुणालाही हिसके बसतील.

दोन स्पीकर आणि त्यांच्याबरोबरची एक जड पेटी पाठवते आहे. पेटी जमिनीवर ठेव, इंजिनाची घरघर तिच्यातून येते. आणि सेटिंगमध्ये ब्रेक जरा सैल कर, डावा आरसा खाली घे. माझा आपला अंदाज, तिला ते खटकलं असणार.

चादर काढ आधी.

खुडबुड


२७ मार्च

खुडबुडे,

चूक तू तुझ्याकडे घेतलीस, मी ती निम्मीच दिली असं समज. त्या खोलीत आम्ही दोघं होतो आणि आवाज नाही हे मला कळलं नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायला बसणारच होतो, पण इथे सवड मिळत नाही. सांगतो.

पेटी मी टेबलाखाली ठेवली, तू सांगितल्याप्रमाणे. मामीनं बस सुरू केली. आणि खुडबुडे, तिचे खांदे खाली आले. झटका आल्यापासून ते वर चढून बसले होते, मला ते आत्ता खाली आल्यावर कळलं. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यासारखे गिअर. पहिल्या स्टॉपवर थांबली आणि बोलायला लागली. ब्रेक वाईट, रस्त्यावरचे लोक बेशिस्त, हा सिग्नल कुणी इथे लावला. मी ओठ बघत होतो आणि माझा आनंद पोटात मावेना. एवढी खोट तिनं माझ्या सदऱ्यातही काढली नव्हती.

मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं, उठली, काठीनं ती जड पेटी ढकलत ढकलत बाहेर काढली आणि एक खुर्ची ओढून पेटीपाशी ठेवली. ड्रायव्हरच्या बरोबर मागे. मला म्हणाली, बसा. पाय पेटीवर ठेवा.

मी ठेवले. तिनं बस काढली आणि इंजिन माझ्या तळव्यांतून वर आलं. जसं पूर्वी बसच्या पत्र्यातून यायचं अगदी तसं. मोटार कशी चालली आहे हे मी जन्मभर हातानं ओळखलं, ते पायांनाही येतं. चढावर मला कळलं की इंजिन कुंथतंय. मी म्हटलं, खालचा टाक. तिनं मागे न बघता उजवा हात वर केला, ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तसा, आणि टाकला.

आता रोज संध्याकाळी फेरी असते. मी उशिरा पोचलो तर ती स्टॉपवर थांबून राहते, आणि चढलेली माणसं गेममध्ये कुरकुर करतात.

एक तुला म्हणून सांगतो, तिला कळवू नकोस. ती नोकरीवर होती तेव्हा तिच्या शेवटच्या फेरीला मी बसायचो. म्हणायचो, डेपोजवळ काम आहे. काहीही काम नसायचं. दिवसभराचा खडखडाट डोक्यात घेऊन मी तिच्या मागच्या सीटवर बसलो की तो उतरायचा. तिचा पाय गेला तेव्हा सगळे तिचं काय गेलं ते विचारत होते. माझी ती सीट गेली, हे कुणाला सांगणार? तोंडानं बोलायला मला तसंही कधी जमलं नाही. पण ती आहे म्हणून मला कुठे तरी जायचं असतं. ती बसून राहिली तेव्हा माझाही रस्ता संपला होता. आता पुन्हा सुरू झालाय.

हे पत्र टाकायला मामी स्वतः जाणार म्हणते आहे. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, तरी मी काही बोललो नाही, बोललो तर तिचा बेत बदलेल. पाकीट घट्ट चिकटवून देतो.

मामा


(पाकिटाच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं)

बाळा, कोपऱ्यावर उभी राहून लिहिते आहे. काठीच्या टेकूनं चालत आले, ठीक जमलं.

पाकीट उघडलेलं नाही. गरजच काय, यांनी सगळं पत्र ओरडून लिहिलं. समोरच्या बाई खिडकीत येऊन डोळे पुसत होत्या. डेपोजवळ काम नसायचं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आमचं घर तीन स्टॉप आधी यायचं आणि हे माझ्या मागे बसून राहायचे. म्हणून तर मी ती शेवटची फेरी कधी बदलून घेतली नाही.

तू मात्र यांना काही बोलू नकोस हं. कळलं तर मनातल्या मनात लिहायला लागतील.